डिपॉझिट न घेणारा कडूबा

देऊळगाव राजात लग्न असो, तेरवी असो की नव्या ट्रॅक्टरची पूजा, माणसं बसतात ती कडूबा डोईफोडेच्या खुर्च्यांवर. गेल्या वर्षापर्यंत त्याचं बिछायत केंद्र, म्हणजे मंडप, खुर्च्या, भांडी भाड्याने द्यायचं गोडाऊन, माझ्या भांड्यांच्या दुकानाला खेटून होतं. मधली भिंत इतकी पातळ, की तो पलीकडे खोकला तर मी इकडून त्याला काढा घे म्हणायचो, आणि मी गिऱ्हाइकावर खेकसलो की तो तिकडून हसायचा. आता भिंतीपलीकडे खताची पोती आहेत. कडूबाला तिथून का जावं लागलं हे गावात पाच जण पाच तऱ्हेने सांगतात. मी शेजारी होतो, बँकेत त्याच्यासोबत होतो आणि त्याच्या पोराची उत्तरं मी या कानांनी ऐकली आहेत, म्हणून हे माझ्याकडूनच ऐका. सांगताना माझा राग मधेमधे डोकावेल. त्याला माझा इलाज नाही.

कडूबा उंच, वाळका, खिशात कायम सुतळीचा गुंडा. त्याच्याआधीची दोन भावंडं वाचली नाहीत म्हणून आईने त्याचं नाव कडू ठेवलं, पण बोलायला इतका गोड की उधारी मागायला आलेला माणूस चहा पिऊन परत जायचा. दुसऱ्याच्या लग्नात जेवायला गेला तरी आधी मंडपाचे दोर हलवून बघायचा, सैल असले तर आवळायचा आणि मगच पंगतीला बसायचा. त्याची बायको रुखमाबाई म्हणायची, की आमच्या लग्नात अक्षता पडत होत्या आणि नवरदेव वर मंडपाचं कापड बघत होता. यात तिने तिखटमीठ लावलं असेल असं मला वाटत नाही.

त्याला एकच वेड होतं, वस्तूवर नाव घालायचं. पातेली, पराती, झारे, ओगराळी, पाण्याचे पेलेसुद्धा. भांड्यांवर नाव घालायचं मशीन माझ्याकडे आहे, त्यामुळे हे सगळं काम माझ्याच गळ्यात. मी त्याला वैतागून सांगायचो, की अरे, पेल्याची किंमत किती आणि नाव घालायची मजुरी किती, याचा काही मेळ आहे का. तो ऐकायचा नाही.

"नाव घातलं का वस्तू घरी येते, इंद्रभान," तो म्हणायचा. "तिले रस्ता सापडतो."

याच भरवशावर तो कधी कोणाकडून डिपॉझिट घ्यायचा नाही. आमच्याकडे सगळे बिछायतवाले सामान देताना अनामत ठेवून घेतात, कारण लग्नघरात चमचे-पेल्यांना पाय फुटतात. कडूबा मात्र माणूस ओळखीचा असो वा नसो, सामान टेम्पोत भरून द्यायचा आणि परत आलं की मोजून घ्यायचा. लोक त्याला खुळ्यात काढायचे. पण खरं सांगायचं तर सामान परत यायचं. एकदा त्याचं मोठं पातेलं जालन्याकडच्या कुठल्याशा वस्तीवर गेलं आणि विसरलं गेलं. दुसऱ्या वर्षी एक अनोळखी ट्रकवाला ते उतरवून गेला. बुडाशी नाव होतं म्हणे. त्या दिवशी कडूबाने मला ते पातेलं वाजवून दाखवलं आणि मला गप्प बसावं लागलं.

खुर्च्यांचं जरा वेगळं झालं. प्लास्टिकवर माझं मशीन चालत नाही. जालन्याच्या एका पेंटरने पत्र्याचा साचा कापून खुर्च्यांच्या पाठीवर लाल रंगात नाव मारून दिलं, आणि ते इंग्रजीत. कडूबा चौथी शिकलेला. इंग्रजीचं एक अक्षर त्याला वाचता येत नाही, पण ते दोन शब्द, कडूबा डोईफोडे, त्याला चित्रासारखे पाठ झाले. एसटीतून जाताना कोणाच्या अंगणात त्याची खुर्ची राहिलेली दिसली तर धावत्या गाडीतून ओळखायचा आणि संध्याकाळी मोटरसायकल घेऊन हजर व्हायचा.

आता कर्जाचं. लॉकडाऊनच्या आधीच्या दिवाळीत त्याने एका फायनान्स कंपनीकडून कर्ज काढलं. टेम्पो, नवा लोखंडी मंडप, लायटिंग आणि त्या लाल नावाच्या खुर्च्या, सगळं त्यातून आलं. लग्नसराई तोंडावर आली आणि देश बंद पडला. पन्नास माणसांच्या लग्नाला खुर्च्या कोण नेतो? हप्ते थकले. वसुलीवाली पोरं यायची आणि त्याच्याच खुर्चीवर बसून त्याला नाही नाही ते बोलायची. कडूबा त्यांना पाणी द्यायचा. पुढे लग्नं सुरू झाली, थकबाकी फिरवून नवे हप्ते बांधून मिळाले, गाडी रुळावर आली. पण नावाला डाग लागायचा तो लागला.

त्या डागाची आठवण अर्जुनरावांमुळे झाली. कडूबाचं गोडाऊन त्यांच्या मालकीचं. मुलं पुण्यात, इथे बघायला कोणी नाही, म्हणून त्यांनी ते विकायला काढलं. माणूस भला. ते कडूबाला म्हणाले, की वीस वर्षं तू इथे आहेस, पहिला हक्क तुझा. पुढच्या बालाजीच्या यात्रेपर्यंत मी थांबतो, तेवढ्यात बँकेतून कर्जाचं जमव. खताच्या दुकानवाल्याने तेव्हाच रोख पैसे पुढे केले होते, तरी त्यांनी त्याला थांबवलं. कडूबाच्या दृष्टीने ती जागा म्हणजे सगळा धंदा होता. इतकं सामान ठेवायला गावात तेवढं मोठं आणि कोरडं छप्पर दुसरं नाही. ते गेलं तर कापड उंदरांना आणि लाकूड पावसाला.

तो बँकेत गेला. तिथल्या सुचिता मॅडमनी संगणकात बघून सांगितलं, की काका, तुमचं सिबिल फार खाली आहे. जुने हप्ते वेळेवर भरत राहा, आकडा सातशेच्या वर गेला की या, मी स्वतः फाईल करून देते. कडूबा परत आला तो गोंधळून. आपल्यालाही कोणी गुण देतं आणि त्यात आपण नापास आहोत, हे त्याला पन्नाशीत कळत होतं.

तेव्हा हर्षल पुढे आला. हर्षल म्हणजे कडूबाचा एकुलता एक. चिखलीत एका मोबाईल-टीव्हीच्या दुकानात हप्त्यांच्या काउंटरवर नोकरी. गिऱ्हाइकाचं आधार-पॅन घ्यायचं, मोबाईलवर टाकायचं आणि याला फोन मिळेल, याला नाही, हे सांगायचं, हेच त्याचं दिवसभराचं काम. कपडे इस्त्रीचे, बोलणं नेमकं. माझा फ्रिज त्यानेच बिनव्याजी हप्त्यावर करून दिला होता. आम्हा सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. तो बापाला म्हणाला, की तुम्ही ऑफिसात चकरा मारू नका, माझ्याकडे रोख द्या, मी ऑनलाइन भरतो. वसुलीवाले फोन करून त्रास देतात, तर कर्जाला माझा मोबाईल नंबर लावून देतो. आणि स्कोअर मी दर महिन्याला तुम्हाला दाखवत जाईन.

त्या वर्षी कडूबा आणि रुखमाबाईने जे काही केलं ते मी भिंतीच्या या बाजूने पाहिलं. महिन्याला साडेअकरा हजार बाजूला काढायचे म्हणून त्याने हॉटेलातला चहा सोडला. रुखमाबाई केटरिंगवाल्याकडे पोळ्या लाटायला जाऊ लागली. पावसाळ्यात कामं नसतात, तेव्हा एका हप्त्याला पैसे कमी पडले तर तो बापाच्या वेळचे तांब्याचे दोन हंडे घेऊन माझ्याकडे आला. मोडीच्या भावाने घे म्हणाला. हंड्यांवर त्याच्या बापाचं नाव होतं, हाताने छिन्नी मारून घातलेलं. मी घेतले, पण मोडले नाहीत.

महिन्याच्या सुरुवातीला हर्षल सुट्टीवर घरी यायचा. बाप हात पुसून, चष्मा लावून बसायचा. पोरगा मोबाईल समोर धरायचा. त्यावर अर्धा गोल, लाल ते हिरवा, त्यात काटा, खाली मोठा आकडा आणि वर इंग्रजीत नाव. आकडा कडूबाला वाचता येत होता. पहिल्यांदा सहाशे अठरा होता, मग सहाशे चाळीस, मग सहाशे एकाहत्तर. नावाकडे बोट करून तो स्वतःची खात्री करून घ्यायचा. खुर्चीवर असतात तेच दोन शब्द, तसेच एकापुढे एक. दिसले की समाधान. मग तो बाहेर येऊन आख्ख्या लाइनीला आकडा सांगायचा. बाजारात त्याची चेष्टा सुरू झाली. सोयाबीनचा भाव विचारावा तसं लोक विचारायचे, की कडूबा काय भाव चालू आहे? तो छाती काढून भाव सांगायचा. सातशे दोन झाला त्या दिवशी त्याने सगळ्या दुकानांत भजी वाटली. वर्षभर चहाला महाग झालेला माणूस, आणि भजी वाटत सुटला.

सातशे ओलांडल्यावर तो बँकेत जायला निघाला, तर हर्षलने अडवलं. तो म्हणाला, की बँकेत सारखी चौकशी झाली की स्कोअर पडतो बाबा, जरा आणखी वाढू द्या, व्याज कमी लागेल. यात खोटं काही नव्हतं. मीही कुठेतरी तसं ऐकलं होतं, म्हणून मीही मान डोलावली. खरी गोष्ट पुढे करून फसवणारा माणूस ओळखायला फार जड जातो.

यात्रा जवळ आली. त्या महिन्यात हर्षल आला नाही, काउंटरवर सणाची गर्दी आहे म्हणाला, पण आईने फोनवर तगादा लावला म्हणून त्याने मोबाईलच्या पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. सातशे एक्केचाळीस. अर्जुनरावांचा निरोप आला, की खतवाला घाई करतोय, आता काय ते सांग. कडूबाने पोराला न विचारताच धुतलेला सदरा चढवला आणि माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. चाल म्हणाला. मी गल्ला बंद केला आणि निघालो.

सुचिता मॅडमनी ओळखलं. कडूबाने न विचारताच सांगितलं, सातशे एक्केचाळीस. त्या हसल्या, पॅन कार्ड घेतलं आणि बघायला लागल्या. बघता बघता त्यांचं हसू गेलं. त्यांनी पुन्हा नंबर टाकला. मग पडदा आमच्याकडे वळवून त्या म्हणाल्या, की काका, पाचशे एकतीस आहे, मागच्या वर्षीपेक्षाही खाली. तीन-तीन महिने हप्ता नाही, मग एखादा भरलेला, पुन्हा तीन महिने नाही.

कडूबा घाबरला नाही. त्याला मॅडमचीच कीव आली असावी. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, दुसऱ्याचं उघडलं असन तुम्ही. माह्यं पाह्या, हे पाह्या." आणि त्याने आपल्या फोनवरचा तो फोटो त्यांच्यापुढे धरला.

मॅडमनी फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिला. त्यांना कळलं होतं. बोलावं की नाही अशा घोटाळ्यात त्या पडल्या होत्या, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"काका, यावर हर्षल कडूबा डोईफोडे असं नाव आहे," त्या म्हणाल्या. "हर्षल तुमचे कोण?"

कडूबाने फोन परत घेतला आणि ते नाव बघत बसला. खुर्चीवरचे दोन शब्द होते, जागच्या जागी होते. त्यांच्या आधी आणखी एक शब्द होता. तो त्याने वर्षभर पाहिला होता, आणि श्री किंवा नमस्कार असं काहीतरी असेल म्हणून सोडून दिला होता. मोबाईलवर सगळंच कुठल्यातरी शब्दाने सुरू होतं, असं तो मला नंतर म्हणाला. पोराच्या नावामागे बापाचं नाव लागतं हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पोराचं नाव आपल्याला आपलं म्हणून दाखवलं जाईल हे कोणत्या बापाच्या डोक्यात येईल? मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने तो घेतला आणि टेबलावर तसाच ठेवला.

बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. मी हर्षलला काय काय म्हणालो ते इथे सांगण्याजोगं नाही. कडूबा मात्र एकच म्हणत राहिला, की मशीनची चूक असेल, पोराला विचारू. घरापर्यंत तो तेच म्हणत आला. मला त्याचाही राग आला, आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी हर्षल आला. मॅडमचं बोलणं बापाने फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे काय ते त्याला माहीत होतं. गोडाऊनमध्ये तिघं होती, कडूबा, रुखमाबाई आणि तो. मी चौथा, कडूबानेच मला थांब म्हटलं होतं. हर्षल आधी इकडचं तिकडचं बोलला. मग बापाची नजर हटत नाही हे बघून त्याने सांगायला सुरुवात केली. त्याने स्वतःच्या नावावर मोटरसायकल, भारीतला फोन आणि वर एक पर्सनल लोन घेऊन ठेवलं होतं. त्याचेही हप्ते डळमळायला लागले होते. बापाने दिलेले साडेअकरा हजार तो आपल्या कर्जात भरत होता. बापाच्या कर्जात तिसऱ्या-चौथ्या महिन्याला एखादा हप्ता टाकायचा, म्हणजे वसुलीवाले घरी येणार नाहीत. फोन तर त्याच्याच नंबरवर जात होते. कुठे किती ताणलं तर चालतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार, त्याचा धंदाच तो होता.

म्हणजे आकडे खरे होते. महिन्याला वाढत होते तेही खरं होतं. कडूबाच्या बंद झालेल्या चहाने आणि रुखमाबाईच्या पोळ्यांनीच ते वाढत होते. फक्त वाढत होतं ते पोराचं.

रुखमाबाईने विचारलं, "बापाले काऊन फसवलं रे?"

"फसवलं कुठं आई," तो म्हणाला. "यांचा स्कोअर खराबच झाला होता, तो कितीही भरलं तरी लवकर सुधरत नसते. माझा नवा होता. म्हटलं घरात एकाचा तरी चांगला होऊन जाऊ दे. चिखलीत दुकानाचं लोन पास झालं माझं. धंदा लागला का बाबाचं सगळं मीच भरणार आहे."

म्हणजे बापाच्या गोडाऊनचं कर्ज हुकलं आणि पोराच्या दुकानाचं मंजूर झालं. मी उठून उभाच राहिलो. हात उगारला असता, पण कडूबाने मला खाली बसवलं. तो हर्षलच्या जवळ गेला. त्याला एवढंच विचारायचं होतं.

"मी नावाले बोट लावून पाहत व्हतो," तो म्हणाला. "तवा तू मनात काय म्हणत व्हता?"

"तुमचं नाव होतंच ना त्यात," हर्षल म्हणाला. "मी खोटं कुठं बोललो?"

कडूबाचा चेहरा तेव्हा पडला. बँकेत नाही, तेव्हा. तोवर त्याच्या मनात कुठेतरी होतं की पोरगा अडचणीत सापडला, लाजला, सांगू शकला नाही. आता त्याला दिसलं, की आपलं बोट त्या नावावर टेकलेलं असताना पोरगा बघत होता, त्याला सगळं कळत होतं आणि तो गप्प होता. एकदा नाही, दर महिन्याला. मी कडूबाला लॉकडाऊनमध्ये पाहिलं आहे, बापाच्या तेराव्याला पाहिलं आहे, पण असा कधी पाहिला नव्हता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, की पडदा पाड, ऊन येतंय. ऊन कुठेच नव्हतं.

यात्रेच्या आधी अर्जुनरावांनी गोडाऊन खतवाल्याला दिलं. त्यांनाही वाईट वाटलं, पण त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे वर्षभर वाट पाहिली होती, त्यांना दोष देता येत नाही. कडूबाने भाजी मंडईच्या मागे एक मोकळा प्लॉट भाड्याने घेतला, त्यावर पत्रे टाकले आणि सामान हलवलं. बाजूंनी ताडपत्री आहे, ती वाऱ्याने फडफडते. खुर्च्यांना काही होत नाही, पण गाद्यांना ओल लागली आणि दोन झालरी उंदरांनी खाल्ल्या. भिंतीपलीकडचं हसणं गेल्यावर मला माझ्याच दुकानात करमेना. मी गिऱ्हाइकांवर खेकसणंसुद्धा कमी केलं.

हप्ते आता तो स्वतः जाऊन भरतो. कर्जाला स्वतःचा नंबर लावून घेतला. मॅडमनी त्याच्या फोनवर त्याचा स्वतःचा स्कोअर बघायची सोय करून दिली. पण त्याचा डोळ्यांवरचा विश्वासच उडाला होता. तो फोन घेऊन माझ्याकडे यायचा आणि पुन्हा पुन्हा विचारायचा, की हे माझंच आहे ना, नक्की बघ. शेवटी मी एका स्टीलच्या पट्टीवर त्याचं पूर्ण नाव इंग्रजीत घालून दिलं, कडूबा सखाराम डोईफोडे. आता तो पट्टी पडद्याजवळ धरतो आणि पहिल्यापासून एकेक अक्षर लावून बघतो. सगळी जुळली की मग खाली आकडा वाचतो. मागच्या वेळी पाचशे अठ्ठेचाळीस होता. कोणाला सांगत नाही. बाजारात कोणी भाव विचारत नाही, लोकांनाही तेवढं कळतं.

पाडव्याला हर्षलच्या दुकानाचं उद्घाटन ठरलं. मोबाईल, टीव्ही, सगळं हप्त्यावर. रुखमाबाई जाऊ की नको करत होती. कडूबा तिला म्हणाला, की तू आई आहेस, जा. आदल्या दिवशी मी नवे झारे द्यायला प्लॉटवर गेलो होतो, तर हर्षलच तिथे आला. मला बघून थोडा बिचकला, पण त्याला काम होतं. उद्घाटनाला शंभर खुर्च्या आणि दारापुढे छोटा मंडप हवा होता. चिखलीतले लोक फार भाव सांगतात म्हणाला. माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या. पण कडूबाने गिऱ्हाईक आल्यावर विचारतो तसंच तारीख विचारली, जागा किती आहे विचारलं आणि भाडं सांगितलं. सगळ्यांना सांगतो तेच, ना कमी ना जास्त. हर्षलने हो म्हटलं. त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं, तो खुर्चीवर टेकला.

"अन डिपॉझिट पाच हजार," कडूबा म्हणाला.

हर्षलला ती चेष्टा वाटली. तो हसला. "बाबा, तुम्ही कधी घेता का डिपॉझिट? नाव आहे ना खुर्च्यांवर."

कडूबाने त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"नाव तुह्यावर बी घातलं व्हतं मी," तो म्हणाला. "डिपॉझिट ठेव."

हर्षलचं हसू गेलं. फोन काढून तो म्हणाला, की आत्ता टाकतो. कडूबा म्हणाला, फोनवर नको, रोख पाहिजे. हर्षल उठला, बसस्टँडजवळच्या एटीएमवर गेला आणि पैसे घेऊन आला. कडूबाने ते मोजून घेतले आणि आपल्या माणसाला खुर्च्या भरायला टेम्पो मागे घ्यायला सांगितलं.